लहान घरमालक आणि कागदाची धास्ती

ज्याचे आयुष्य कामगार संघटनेत गेले, त्याने घरमालकांच्या हिताचे चार शब्द सांगावेत, ही गोष्ट या व्याख्यानमालेच्या श्रोत्यांपैकी काहींना चमत्कारिक वाटली असेल. घरमालक म्हटला की आमच्या डोळ्यांपुढे अजून चाळीचा शेटजी उभा राहतो आणि त्याच्या मागे बगलेत पावतीपुस्तक धरलेला त्याचा मेहता. परंतु गेल्या वीस-पंचवीस वर्षांत आमच्या कचेरीत खोलीचे गाऱ्हाणे घेऊन येणाऱ्यांत भाडेकरूंच्या जोडीने मालकही दिसू लागले. हे मालक कोण? गिरणी बंद पडल्यावर हिशेबाचे पैसे घेऊन ज्याने बदलापूरकडे एक खोली घेतली, तो साचेवाला. फंड आणि ग्रॅच्युइटी एकत्र करून मुलाच्या नावे जागा घेणारा बसचा निवृत्त वाहक. नवऱ्यामागे एकटी राहिलेली, एक खोली स्वतःला ठेवून दुसरी भाड्याने देणारी परिचारिका. फंडाच्या पेन्शनीत या मंडळींचे महिन्याचे वाणसामानही पुरे होत नाही. त्यांचे भाडे बुडाले म्हणजे आमच्या लेखी पगार बुडाल्यासारखेच आहे. तेव्हा हा विषय आमचा नव्हे, असे आम्ही मानीत नाही.

या लहान मालकांत एक समजूत अत्यंत खोल रुजलेली आम्हांला आढळते. ती अशी की, ‘कागद केला की भाडेकरू कायमचा बसतो.’ म्हणून ते तोंडी व्यवहार करतात, भाडे रोख घेतात, पावती देत नाहीत, आणि या सावधपणाचा त्यांना अभिमानही वाटतो. ही समजूत वेडगळ नाही. ती एके काळी खरी होती. ती खरी कशी झाली आणि पुढे खोटी कशी ठरली, हे समजल्यावाचून आजच्या घरमालकाला कोणताही सल्ला पचणार नाही. म्हणून आधी इतिहास.

मुंबईत पहिली कापडगिरणी निघाली ती १८५४ सालच्या सुमारास. पुढच्या पन्नास वर्षांत कोकणातून आणि घाटावरून माणसे येत गेली, आणि गिरणीच्या भोंग्याच्या टप्प्यात राहण्याची त्यांना गरज पडली. खोली एक आणि माणसे दहाबारा, पाळीप्रमाणे निजायचे. १८९६ साली प्लेग आला तेव्हा या कोंदट वस्त्यांकडे सरकारचे लक्ष गेले आणि १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. ट्रस्टने रस्ते रुंद केले, गलिच्छ घरे पाडली. पण उठवलेल्या माणसांना सामावतील इतकी घरे त्या वेगाने उभी राहिली नाहीत. जागा कमी आणि गरजू जास्त, या एका गोष्टीतून मुंबईच्या भाड्याचा पुढचा सगळा इतिहास निघाला आहे.

पहिल्या महायुद्धात भाडी कडाडली. तेव्हा १९१८ साली मुंबई सरकारने भाडे-निर्बंधाचा पहिला कायदा केला आणि १ जानेवारी १९१६ रोजी जे भाडे होते ते प्रमाण धरले. तारीख धरून भाडे गोठवण्याची युक्ती इथून सुरू झाली. त्याच सुमारास, १९२० नंतर, सरकारने वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाईल रोड येथे बी. डी. डी. चाळी बांधायला घेतल्या. अशा २०७ चाळी उठल्या, सुमारे सोळा हजार खोल्यांच्या. गंमत अशी की, जागेसाठी तडफडणाऱ्या या शहरात त्यांतल्या पुष्कळ खोल्या प्रारंभी रिकाम्या राहिल्या, कारण सिमेंटच्या त्या खोल्यांचे भाडे कामगाराच्या मिळकतीला झेपणारे नव्हते. जो कोणी आज भाड्याने देण्यासाठी घर बांधतो किंवा घेतो, त्याने हे उदाहरण मनात ठेवावे. घर उभे राहिले म्हणजे भाडेकरू मिळाला असे होत नाही.

दुसऱ्या महायुद्धात तीच कथा पुन्हा घडली, आणि १९४७ साली ज्याला आपण बॉम्बे रेंट ॲक्ट म्हणतो तो कायदा झाला. त्याने तारीख धरली १ सप्टेंबर १९४०. त्या दिवशी खोलीचे भाडे दहा रुपये असेल तर प्रमाण भाडे दहा रुपये. फाळणीनंतरची गर्दी आणि महागाई लक्षात घेता हा कायदा नसता तर हजारो कामगार कुटुंबे रस्त्यावर आली असती, यात आम्हांला शंका नाही. या कायद्याच्या बाजूने आमच्या आधीच्या कार्यकर्त्यांनी सभा घेतल्या, त्या योग्यच होत्या. परंतु थोड्या काळापुरता म्हणून आलेला कायदा मुदतवाढीमागून मुदतवाढ घेत पन्नास वर्षे चालला, आणि दहा रुपयांचे भाडे जवळजवळ दहा रुपयेच राहिले.

सगळेच चाळमालक काही शेटजी नव्हते. कुणाचे एकमजली घर होते, कुणी खालच्या दोन खोल्या देऊन वरच्या खोलीत राहत होता. दहा रुपयांत तो कौले फिरवणार की मोरी दुरुस्त करणार? मोठ्या मालकाने तोटा दुसऱ्या धंद्यात भरून काढला. लहान मालकाने दुरुस्ती सोडली. वासे कुजले, गॅलऱ्या लोंबू लागल्या. अखेर १९६९ साली दुरुस्ती मंडळाचा कायदा करून सरकारने उपकर बसवला आणि दुरुस्तीचे काम अंगावर घेतले. दक्षिण व मध्य मुंबईतल्या अशा उपकरप्राप्त इमारतींची संख्या १९,६४२ होती. आकडा एवढ्यासाठी सांगितला की भाडे आणि दुरुस्ती यांचे नाते तुटले म्हणजे काय होते, त्याचे हे एवढे मोठे प्रमाण दुसरीकडे क्वचितच मिळेल.

भाडे वरून गोठले की पैसा खालून वाहू लागतो. त्याचे नाव पागडी. पागडी घेणे १९४७ च्या कायद्याने गुन्हा होता, म्हणून तिची पावती नसे. भाड्याची पावती दहा रुपयांची आणि हातात ठेवलेली रक्कम हजारांची. बिनकागदी व्यवहाराची सवय मुंबईच्या मालकाला इथेच लागली. दुसरी वाट निघाली ती पोटभाडेकरूची, आणि तिसरी ‘लिव्ह अँड लायसन्स’ची. ‘भाडेकरू’ म्हणायचे नाही, ‘परवानाधारक’ म्हणायचे, म्हणजे भाडे-कायदा लागत नाही, अशी ही तोड होती. कायद्याच्या दृष्टीने भाडेपट्टा आणि परवाना या मुळातच दोन भिन्न गोष्टी आहेत. एकीची व्याख्या १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात आहे, दुसरीची त्याच वर्षीच्या सुविधाधिकार कायद्यात. पहिलीत जागेवर हक्क निर्माण होतो, दुसरीत नुसती वापराची मुभा मिळते. मुंबईकराने या भेदातून पळवाट काढली.

सरकारने या दोन्ही वाटा तारीख धरून बंद केल्या. १९५९ साली, त्या वर्षीच्या २१ मेपूर्वीच्या पोटभाडेकरूंना संरक्षण मिळाले. १९७३ साली त्याहून मोठा तडाखा बसला. १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू करारान्वये जो परवानाधारक जागेत राहत होता, तो कायद्याने भाडेकरू ठरला. आदल्या दिवशी मालकाच्या मर्जीने राहणारा माणूस दुसऱ्या दिवशी संरक्षित झाला. भाडेकरूच्या दृष्टीने हा न्यायच होता, कारण वर्षानुवर्षे खोट्या नावाने त्याला टांगत ठेवले गेले होते. पण लहान मालकाने यातून काय धडा घेतला पाहा. ज्या करारावर त्याने भरवसा ठेवला होता, तोच करार भाडेकरूच्या हातातला पुरावा ठरला. ‘कागद केला की बसतो’ ही म्हण इथे पक्की झाली. मुंबईत मालक मंडळी जागा कुलूप लावून रिकामी ठेवू लागली, तीही याच धास्तीपायी. जागेची टंचाई दूर व्हावी म्हणून केलेल्या कायद्याने काही जागा बाजारातून नाहीशा झाल्या, हे कबूल केले पाहिजे. आम्ही भाडेकरूंच्या बाजूचे असलो तरी.

डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मालपे विश्वनाथ आचार्य यांच्या खटल्यात निकाल दिला. १९४० सालच्या भाड्यावर प्रमाण भाडे खिळवून ठेवणे काळाच्या ओघात अवाजवी ठरले आहे, असे न्यायालयाने म्हटले. मात्र कायद्याची मुदत लवकरच संपत असल्याने तो रद्द केला नाही. पुढे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ आला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. इथे इतिहासाने कूस बदलली, पण पुष्कळ लहान मालकांपर्यंत ती बातमी अजून पोहोचलेलीच नाही.

या कायद्यातली दोन कलमे प्रत्येक लहान मालकाने पाठ करावीत. कलम ५५ सांगते की भाड्याचा किंवा परवान्याचा करार लेखी असला पाहिजे आणि तो नोंदवलेला असला पाहिजे. नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. त्याहून महत्त्वाचा भाग पुढे आहे. असा नोंदलेला करार नसेल तर कोणत्या अटींवर जागा दिली याविषयी भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाईल. मालकाचे शब्द नव्हेत, भाडेकरूचे! आणि कलम २४ सांगते की राहण्यासाठी दिलेल्या परवान्याची मुदत संपली आणि माणूस निघाला नाही, तर मालकाने दिवाणी कोर्टाच्या फेऱ्या न घालता सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करावा. निघेपर्यंतच्या काळाची नुकसानभरपाई ठरलेल्या रकमेच्या दुप्पट दराने मिळते, आणि लेखी करारात जे लिहिले आहे ते निर्णायक पुरावा धरले जाते. १९७३ साली जो कागद मालकावर उलटला, तोच २००० पासून त्याची ढाल झाला आहे. तरीही माणसे जुन्या भीतीने ढाल टाकून उघडी लढाईला जातात.

याचे फळ आम्ही पाहिले आहे. साचेखात्यातून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी कल्याणपलीकडची आपली खोली गावाकडच्या ओळखीने एका तरुणाला दिली. कागद नाही, पावती नाही. अनामत वीस हजार आणि भाडे चार हजार, सगळे तोंडी. दोन वर्षांनी खोली परत मागितली तेव्हा तरुण म्हणाला, “काका, मी एक लाख अनामत दिली आहे आणि भाडे दोन हजारच ठरले होते.” गृहस्थ खरे बोलत होते, याविषयी आमच्या मनात संशय नव्हता. पण वकिलांनी कलम ५५ वाचून दाखवले, आणि ते मटकन खाली बसले. अखेर आमच्या कचेरीत तडजोड झाली. पन्नास हजार देऊन खोली सुटली. म्हणजे जवळजवळ साडेसात महिन्यांचे भाडे, एका न केलेल्या कागदासाठी.

आम्हां संघटनेच्या माणसांना याचे नवल वाटत नाही. औद्योगिक विवाद कायद्याखाली २४० दिवस भरल्याचा पुरावा मागितला जाई तेव्हा ज्या बदली कामगाराने हजेरीचे कार्ड आणि पगाराची चिठ्ठी जपून ठेवली तो तरला. ज्याने ‘साहेब ओळखतात’ यावर विसंबून राहणे पत्करले त्याला साहेबांनी ओळखले नाही. जो कामगार म्हणून कागदासाठी भांडला त्याने मालक झाल्यावर कागद टाळावा, हे आम्हांला बरे दिसत नाही.

आता कागदाविषयी थोडे तपशिलाने. अकरा महिन्यांचा करार करण्याची जी प्रथा आहे, तिचे मूळ १९०८ च्या नोंदणी कायद्यात आहे. एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी आवश्यक होती, म्हणून लोकांनी अकरा महिने धरले. कलम ५५ आल्यावर महाराष्ट्रात ही पळवाट बुजली, अकरा महिन्यांचा करारही नोंदवावाच लागतो. पण सवय माणसापेक्षा चिवट. तितकीच चिवट समजूत म्हणजे स्टॅम्पपेपरवर मजकूर लिहून नोटरीचा शिक्का घेतला की काम झाले. नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे. नोंदणी दुय्यम निबंधकाकडे होते, आणि परवान्याच्या करारासाठी ती आता घरबसल्या, अंगठ्याच्या ठशानेही करता येते. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्याला कळवणे हे वेगळे काम आहे; एक केले म्हणून दुसरे सुटत नाही. मुदत संपल्यावर नवा करार न करता नुसते दरमहा पैसे घेत राहू नये. भांडणे बहुधा या मोकळ्या काळातच जन्मतात. सहकारी सोसायटीत खोली असेल तर सोसायटीला आगाऊ कळवावे, आणि सोसायटी बिनभोगवटा शुल्क म्हणून वाटेल ती रक्कम मागू लागली तर १ ऑगस्ट २००१ चा सरकारी आदेश दाखवावा. सेवाशुल्काच्या शेकडा दहापेक्षा अधिक घेता येत नाही, आणि त्या हिशेबात महापालिकेचे कर धरायचे नाहीत.

भाडे बँकेतून घ्यावे; रोख घेतले तरी पावती द्यावी, ती देणे कायद्याने सक्तीचेच आहे. पावती भाडेकरूची सोय आहे असे मालक समजतात. वस्तुतः भाडे किती ठरले आणि कोणत्या महिन्यापासून थकले, हे सिद्ध करण्याचे मालकाचे तेच साधन आहे.

हिशेबाविषयी आमचे मत थोडे कडू आहे. निवृत्तीचे पैसे हाती आले की दलाल सांगतो, “काका, खोली घ्या, घरबसल्या भाडे खा.” समजा, तीस लाखांची जागा आहे आणि भाडे साडेसात हजार येते. वर्षाचे नव्वद हजार, म्हणजे शेकडा तीन. पण वर्षातला एक महिना जागा रिकामी जाईल असे धरावे; राहिले साडेब्याऐंशी हजार. सोसायटीचे दरमहा दीड हजार म्हणजे अठरा हजार गेले. घरपट्टी तीन हजार, रंगसफेती आणि नळदुरुस्ती साडेसात हजार. उरले चौपन्न हजार. शेकडा दोनही नव्हेत. बँकेत ठेव ठेवली असती तर याहून अधिक मिळाले असते. आणि वीस लाख कर्ज काढून ही जागा घेतली असेल तर साडेआठ टक्क्यांनी पहिल्या वर्षी व्याजच एक लाख सत्तर हजार होते. जागेची किंमत वाढेल या भरवशावर हा व्यवहार उभा असतो. ती वाढेलही, पण वाढलेल्या किमतीने महिन्याचा किराणा येत नाही. म्हणून कर्ज काढून भाड्यासाठी घर घेण्याचा सल्ला आम्ही निवृत्त माणसाला देत नाही. जागा आधीपासून आहे, किंवा म्हातारपणी स्वतःला लागणार आहे, त्याची गोष्ट निराळी. प्राप्तिकराच्या बाबतीत मात्र कायदा उदार आहे. भरलेली घरपट्टी वजा करून जे भाडे उरते, त्यातून शेकडा तीस सरसकट वजा मिळतात, खर्चाचा पुरावा द्यावा लागत नाही. ते तीस टक्के सरकारने दुरुस्तीसाठी दिले आहेत असे समजून बाजूला ठेवावेत. चाळींचे काय झाले ते वर सांगितलेच आहे.

भाडेकरू निवडताना माणसाचे काम कोठे, पगार किती, आधीची खोली का सोडली, हे विचारावे. आडनाव विचारून दार लावू नये. ज्यांना मुंबईत स्वतःला जातीवरून खोली नाकारली गेली होती त्यांची मुलेही आज तसेच करताना आढळतात, हे पाहून शरम वाटते. आणि व्यवहाराच्या भाषेत सांगायचे तर भाडे आडनाव देत नाही, नोकरी देते.

भांडण झाले तरी पाणी किंवा वीज तोडू नये, कुलूप बदलू नये. अत्यावश्यक सोय तोडण्यास कायद्याने मनाई आहे, आणि ज्याची बाजू खरी असते असा मालकही या एका कृत्याने आरोपी होतो. जागा पाहायची असेल तर आधी कळवून वाजवी वेळी पाहावी. तेवढा हक्क मालकाला आहे.

ज्यांच्याकडे वाडवडिलांची जुनी पागडीची खोली भाड्याने गेलेली आहे, त्यांची अडचण वेगळी. तिथे कलम २४ चालणार नाही. भाडेकरू प्रमाण भाडे देत आहे तोवर त्याला सहसा काढता येत नाही. थकले तर आधी लेखी नोटीस द्यावी लागते आणि नव्वद दिवस थांबावे लागते. पण दरसाल शेकडा चार वाढ मागण्याचा हक्क २००० पासून मिळाला आहे, आणि ती वाढ पुष्कळ मालक आळसाने मागतच नाहीत. खोली दुसऱ्याच्या नावे करताना मालकाने संमतीसाठी घेतलेली रक्कमही कलम ५६ ने कायदेशीर केली आहे. तेव्हा तिचीही पावती द्यावी, ती हिशेबात दाखवावी. लपवण्याचे कारण उरलेले नाही.

राहता राहिली अनामत. ती मालकाची मिळकत नव्हे, दुसऱ्याची ठेव आहे. आमच्याकडे येणाऱ्या तंट्यांत निम्मे तरी अनामतीचे असतात, कारण मालकाने ती मुलीच्या लग्नात खर्च केलेली असते आणि भाडेकरू निघायच्या दिवशी ती उभी करायला त्याला नवा भाडेकरू शोधावा लागतो. ती वेगळ्या खात्यात ठेवावी. जागा देताना भिंती, नळ, पंखे, विजेच्या मीटरचा आकडा यांची यादी करून दोघांनी सह्या कराव्यात, फोटो काढून ठेवावेत. निघताना तीच यादी पुढे घेऊन काय मोडले ते पाहावे, तेवढेच कापावे, आणि उरलेली रक्कम किल्ली हाती घेतानाच, त्याच बैठकीत द्यावी.